वाढता आणि वाढलेला

‘ॲडल्ट’ (प्रौढ) आणि ‘ॲडल्टरी’ (व्यभिचार) हे इंग्रजी शब्द एकाच मुळाचे असावेत, असा समज चांगले इंग्रजी जाणणाऱ्यांमध्येही आढळतो. त्याला उच्चारसाम्यापलीकडे आधार नाही. ‘ॲडल्टरी’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्यात ‘आल्तेर’ म्हणजे ‘दुसरा’ दडलेला आहे आणि भेसळीचा इंग्रजी शब्दही तेथूनच निघाला. ‘ॲडल्ट’चा सख्खा भाऊ वेगळाच, तो म्हणजे ‘ॲडोलेसन्ट’ (किशोरवयीन).

या दोघांचे मूळ ‘आदोलेस्केरे’, म्हणजे वाढीला लागणे, हे लॅटिन क्रियापद होय. त्याचे वर्तमानकालवाचक धातुसाधित ‘आदोलेस्केन्स’, म्हणजे वाढत असलेला, आणि भूतकालवाचक ‘आदुल्तुस’, म्हणजे वाढलेला. संस्कृतात ‘वृध्’ धातूपासून ‘वर्धमान’ आणि ‘वृद्ध’ होतात ते असेच. ‘वृद्ध’ म्हणजे मुळात नुसता वाढलेला, म्हातारपण त्याला मागाहून चिकटले.

‘आदोलेस्केरे’च्या गाभ्यात ‘आलेरे’, म्हणजे पोसणे, हे क्रियापद आहे. माजी विद्यार्थ्यांसाठीचा ‘ॲलम्नाय’ हा शब्दही मुळात ‘पोसलेले’ याच अर्थाचा. परंतु खरी गंमत आहे ती मधल्या ‘स्क’ या प्रत्ययात. लॅटिनमध्ये तो क्रियेचा आरंभ किंवा ती हळूहळू घडणे दाखवतो. म्हणून आजारातून उठू लागलेला रुग्ण ‘कॉन्व्हलेसन्ट’ आणि कालबाह्य होत चाललेले यंत्र ‘ऑब्सोलेसन्ट’. हाच प्रत्यय आद्य इंडो-युरोपीय भाषेतून, म्हणजे लॅटिन आणि संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतून, संस्कृतातही आला आणि तेथे ‘च्छ’ झाला: गच्छति, इच्छति, पृच्छति. पाणिनीने इष्, गम् आणि यम् या धातूंच्या अंत्य व्यंजनाच्या जागी ‘छ’ येतो असा नियम सांगितला आणि शाळेत आपण तो कारण न विचारता पाठ केला. कारण होते ते हा प्राचीन प्रत्यय. पुढे ‘पृच्छति’चे प्राकृतात ‘पुच्छइ’ आणि मराठीत ‘विचारणे’ या अर्थाचे ‘पुसणे’ झाले, म्हणजे ‘पुसणे’तील ‘स’मध्ये त्याच प्रत्ययाचा झिजलेला अवशेष आहे.

यावरून इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाले, असा डंका कोणी पिटू नये. ही चुलत घराणी आहेत, बापलेक नव्हेत.

‘ॲडोलेसन्ट’ कोणाला म्हणावे, ती वयाची मर्यादा मात्र कधीच स्थिर राहिली नाही. रोमन पंडित वारोने हे वय १५ ते ३० वर्षांचे मानले, तर जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांचे मानते. आणि आपण त्यासाठी योजलेला ‘पौगंड’ हा शब्द एका जुन्या संस्कृत वर्गीकरणात पाच ते दहा वर्षांच्या मुलासाठी आहे.