स्पंजातलं तेल आणि मुंबई हाय

जानेवारी २०२५ मध्ये सरकारी तेल कंपनी ओएनजीसीने समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचं उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक मदतीसाठी घेतलं. लगेच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका म्हणाले, "विहीर आटली वाटतं!" म्हणजे खाली तेलाचा तलाव होता आणि तो उपसून संपत आला, असा त्यांचा समज.

तलाव-बिलाव काही नाही. १९७४ मध्ये समुद्रात विहिरी पाडणाऱ्या 'सागर सम्राट' या रिगला मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर सापडलेलं हे तेल चुनखडीच्या दगडात मुरलेलं आहे. १९७६ पासून ते वर येतंय. दगडातला दाब उतरतो, म्हणून समुद्राचंच पाणी गाळून, ऑक्सिजन काढून (नाहीतर पाइप गंजतात) वेगळ्या विहिरींतून आत दाबतात. पुढे हेच पाणी तेलासोबत वर यायला लागतं. एवढं करूनही निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं.

का, ते आपल्या सिंकमध्ये बघा. पुऱ्या तळलेली कढई पुसलेला स्पंज नळाखाली धरा. पाणी मोकळ्या भोकांतून सरळ निघून जातं, आणि पिळला तरी तेलकटपणा जात नाही. दगडातही पाणी सोपी वाट धरतं आणि मागे तेलाचे सुटे थेंब अडकतात. असा थेंब पोकळीत ऐसपैस बसलेला असतो. पुढची फट अरुंद. तीतून जायचं तर त्याला स्वतःला चेपून घ्यावं लागतं आणि पृष्ठताण (थेंबाला गोल ठेवणारी ओढ) ते होऊ देत नाही. लागणारा दाब म्हणजे ताणाची दुप्पट भागिले फटीची त्रिज्या. त्रिज्या ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली, तर हा दाब येतो सुमारे १०,००० पास्कल, म्हणजे मीटरभर उंच पाण्याइतका. फार नाही वाटत ना? पण समजा, दाबलेल्या पाण्याचा रेटा मीटरमागे २०,००० पास्कल आहे. थेंब जेमतेम ०.१ मिलिमीटर लांब, म्हणून त्याच्या दोन टोकांत फरक पडतो फक्त २ पास्कलचा. पाच हजार पट कमी! पंप मोठा लावून हे अंतर तुटत नाही.

त्याच ग्रुपवर 'तेल आपोआप पुन्हा भरतं' असाही एक व्हिडिओ फिरतोय. भरतं, पण लाखो वर्षांनी. नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याइतकाच त्याचा उपयोग.

दोन विहिरींच्या मधे राहून गेलेलं तेल नवी विहीर पाडून काढता येतं. अडकलेल्या थेंबांसाठी मात्र ताणच मोडावा लागतो. सिंकमध्ये आपण काय करतो? साबणाचा एक थेंब. तेलक्षेत्रातही तसलीच रसायनं पाण्यात मिसळून सोडतात, ताण हजारो पटींनी खाली येतो आणि थेंब सुटतात. अडचण एवढीच, की चुनखडीला साबण आवडतो. तेलापर्यंत पोचायच्या आत बराचसा साबण दगडच पिऊन टाकतो, आणि बिल मात्र पूर्ण येतं.