केलं, केळं आणि ‘करलं’

आमच्या मुलाने बोलायला सुरुवात केली तेव्हा केळ्याला तो ‘केलं’ म्हणायचा. ‘ळ’ उच्चारायला जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं आणि ही कसरत जमायला मुलांना बराच वेळ लागतो. मीही लाडाने ‘केलं हवं का?’ असंच विचारायला लागलो. दोन वर्षांचा झाल्यावर एके दिवशी तो यावरून चक्क चिडला.

‘केलं नाही! केलं!’

‘हो, केलंच म्हटलं ना मी?’

‘नाही! केलं!’ डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. त्याची आई आतून मला म्हणाली, ‘अरे, केळं म्हण ना नीट.’ मी ‘केळं’ म्हटलं. त्याने मान डोलावली आणि शांतपणे म्हणाला, ‘हं. केलं.’

त्या संध्याकाळी मी एक वही घातली. त्याचे शब्द, त्याच्या चुका, तारीख, शक्य असेल तर आधी-नंतर काय झालं तेही. कारण जे घडलं ते मी पूर्वी वाचलेल्या एका प्रसंगासारखं होतं, जवळपास शब्दशः. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली एका मुलाची गोष्ट नोंदवली आहे. तो आपल्या प्लास्टिकच्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा. मोठ्यांनी ‘हा तुझा फिस का?’ विचारलं की ‘नाही, माझा फिस’ म्हणून हट्टाला पेटायचा आणि ‘फिश’ म्हटलं की लगेच पटायचं. म्हणजे मुलाचा कान जिभेच्या कितीतरी पुढे असतो. डोक्यात ‘केळं’ पक्कं असतं, फक्त जीभ तिथवर पोचत नाही. आपण बोबडं बोललो की मुलाला ते त्याच्यासारखं वाटत नाही, चुकीचं वाटतं.

कान किती पुढे असतो, याचा सगळ्यात गाजलेला पुरावा आपल्या ओळखीच्या अक्षरांनी मिळाला आहे. कॅनडात व्हँकुव्हरला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजीभाषक घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजीत हा भेद अर्थ बदलत नाही, त्यामुळे तिथल्या मोठ्या माणसांना तो कानाला लागतच नाही. आपल्या तर ‘ताट’ या एवढ्याशा शब्दात दोन्ही येऊन बसलेत. बाळाला ‘त, त, त’ ऐकवत राहायचं आणि मधेच ‘ट’ आला की बाजूच्या पेटीतलं खेळणं नाचवायचं. फरक कळणारं बाळ खेळणं दिसायच्या आधीच तिकडे मान वळवतं. १९८४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता: सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं मान वळवत होती, दहा ते बारा महिन्यांची बहुतेक वळवत नव्हती. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांची ओळख मात्र वर्षाच्या टोकालाही शाबूत होती.

पहिला शब्द फुटायच्या आधीच बाळाने आपल्या घराची भाषा कोणती हे ठरवलेलं असतं. घरात कामाचा भेद ठेवायचा, बिनकामाचा सोडून द्यायचा. ‘अजून बोलत नाही’ म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो, त्याचं एवढं काम उरकलेलं असतं, हे कळल्यापासून मला गप्प बसलेल्या कुठल्याही बाळाशी बोलताना जरा जास्त नीट बोलावंसं वाटतं.

आणि बोलायचं ते समोर बसून. पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली, एकूण १२ बैठकांत. एका गटाशी मँडरिन बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवली. दुसऱ्या गटाने तेच सगळं पडद्यावर पाहिलं. पहिल्या गटाला मँडरिनमधले ध्वनी ओळखता येऊ लागले, दुसऱ्याच्या पदरी काही पडलं नाही. २००३ सालचा हा प्रयोग मला जेवताना मोबाइल समोर धरायचा मोह झाला की आठवतो.

शब्दांकडे वळू. स्वतःच्या मुलाच्या नोंदी ठेवणाऱ्या बापांत चार्ल्स डार्विनही आहे. त्याचा थोरला मुलगा १८३९ साली जन्मला. बापाने तेव्हा रोजनिशी ठेवली आणि सदतीस वर्षांनी, १८७७ मध्ये, त्यावरून ‘माइंड’ या नियतकालिकात लेख लिहिला. त्यात तो सांगतो, की बरोबर एक वर्षाचा असताना मुलाने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द काढला: ‘मम’. हा त्याला कुठून सुचला, ते डार्विनला उमगलं नाही.

मराठी घरातल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. मंमं! रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली यावर एक सुंदर तर्क मांडला. दूध पिताना बाळाचे ओठ बंद असतात, तेव्हा निघू शकतो तो नाकातून येणारा गुणगुणता ‘म’च. मग पुढे नुसतं दूध किंवा खाणं दिसलं तरी तोच आवाज निघतो आणि हळूहळू खाणं मागण्याचा, खाऊ घालणाऱ्या आईला हाक मारण्याचा शब्द होतो.

पण मंमं, भूर, गाई गाई, बाऊ, हम्मा हे सगळं मुलं शोधून काढत नाहीत. ते मोठ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या मुलांसाठी जपून ठेवलंय. ही बाळबोली अभ्यासाचा विषय आहे, हे ओळखणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत आपले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर होते. त्यांचा मराठी बाळबोलीवरचा इंग्रजी लेख १९६४ सालचा. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली. त्यांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, उत्तर अमेरिकेतली कोमांची, सैबेरियाकडची गिल्याक आणि सहावी मराठी. एकमेकींहून इतक्या वेगळ्या या भाषा मुलांशी बोलताना सारखंच वागतात: सोपी व्यंजनं, एकच अक्षर दोनदा, आणि विषय म्हणजे खाणं, झोप, शरीर, प्राणी, नातेवाईक.

आता ‘करलं’. वहीतलं माझं सगळ्यात लाडकं पान.

दोन वर्षांचा असताना तो ‘केलं’, ‘गेला’, ‘दिलं’ व्यवस्थित म्हणायचा. अडीचच्या सुमाराला एकदा ठोकळ्यांचा मनोरा रचून टाळ्या पिटत ओरडला, ‘मी करलं!’ पुढच्या आठवड्यात ‘आजीने देलं’. मग ‘मुंगी मरली’. आई काळजीत पडली, ‘आधी बरोबर बोलायचा, आता बिघडला.’

बिघडला नव्हता. आधीचं ‘केलं’ त्याने अख्खंच्या अख्खं उचललेलं होतं, पोपटासारखं. मधल्या महिन्यांत त्याने पडलं, बसलं, फेकलं, आणलं, उठलं असे ढीगभर शब्द ऐकले आणि त्यांतून कुणी न सांगता एक नियम काढला: झालेली गोष्ट सांगायची तर धातूला ‘ल’ लावायचा. पड-लं, बस-लं, मग कर-लं का नाही? हे रूप त्याने घरात कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नव्हतं. अनुकरणातून ते येऊच शकत नाही, ते बनवावंच लागतं. खरं तर नियमाबाहेर आपणच आहोत. केला, गेला, मेला ही रूपं संस्कृतातल्या कृत, गत, मृत यांच्या वंशातली. ती रोज इतक्यांदा तोंडात येतात, की दर पिढी ती पाठ करून टिकवते.

मुलांकडे खरोखर नियम असतो, हे तपासायची युक्तीही जीन बर्को यांचीच, १९५८ सालची. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवायचं, ‘हा वग’. मग दोन दाखवून विचारायचं, ‘हे दोन...?’ कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे बरोबर केलं. मी पाच वर्षांच्या भाचीला मातीचं एक वेडंवाकडं बाहुलं करून दाखवलं, ‘हा टिंबोळा.’ दुसरं केलं. ‘आता किती?’ क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, ‘दोन टिंबोळे.’ जगात कुणीही कधी न उच्चारलेला शब्द, आणि त्याचं अनेकवचन तिच्याकडे तयार होतं!

अशा चुका कानात राहतात, म्हणून त्या फार होतात असं वाटतं. १९९२ साली गॅरी मार्कस, स्टीव्हन पिंकर आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या ८३ मुलांच्या नोंदी मोजल्या. अनियमित क्रियापदांच्या भूतकाळी रूपांत अशा चुका सरासरी शंभरात चारच्या आसपास निघाल्या. माझ्या वहीतही एकाच दुपारी ‘केलं’ आणि ‘करलं’ शेजारी शेजारी आहेत. पाठ केलेलं रूप वेळेवर आठवलं नाही की नियम धावून येतो. रूप पुरेसं पक्कं झालं की नियमाला जागा उरत नाही. दुरुस्त करून फारसा फरक पडत नाही. आईने आठवडाभर ‘केलं म्हण’ करून पाहिलं आणि तो ‘हो, केलं. मीच करलं!’ म्हणून मोकळा झाला. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली दाखवलं होतं, की आईवडील मुलाचं व्याकरण क्वचितच दुरुस्त करतात. ते दुरुस्त करतात ते खरं-खोटं.

एका चुकीने मात्र मला गलबलून आलं. तो ‘मी येते’, ‘मी जेवते’ म्हणायचा. पाहुणे हसायचे, आत्या म्हणायची, ‘अरे, तू मुलगा ना?’ मराठीत ‘मी’बरोबरच्या क्रियापदाला लिंग चिकटतं, आणि हे कोडं फक्त बोलणाऱ्याकडे बघून सुटतं. दिवसभर त्याच्याशी बोलणाऱ्या दोघी, आई आणि आजी. ‘मी येतो’ म्हणणारा माणूस सकाळी आठला जायचा आणि रात्री आठला यायचा. त्याने जे जास्त ऐकलं तेच तो म्हणत होता. (कोल्हापूरकडे वाढला असता तर प्रश्नच नव्हता, तिथे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात.) तेव्हापासून सकाळची आंघोळ मी माझ्याकडे घेतली.

तसंच ‘तुला’चं. हात वर करून तो म्हणायचा, ‘तुला घे.’ आपण त्याला ‘तुला घेऊ का?’ विचारतो, म्हणजे त्याचं नाव ‘तू’च झालं ना! तोंड बदललं की ‘मी’ आणि ‘तू’ जागा बदलतात, हे कळायला समोरच्याच्या जागी उभं राहून बघावं लागतं.

चालण्याचीही हीच रीत. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचा मोकळा खेळ मोजला: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. घरात कुणी तासाला सतरा वेळा पडणाऱ्याला ‘बिघडला’ म्हणत नाही.

काळजी कधी करायची, तेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीसह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा एकट्याने चालायला लागण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने असं पसरलेलं निघालं. सुमारे चार टक्के मुलं तर रांगलीच नाहीत. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना नको. पण वर्षापर्यंत ‘बाबाबा-दादादा’सारखी बडबड नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’सारखे दोन शब्द स्वतःहून जोडले जात नाहीत, किंवा येत असलेले शब्द गेले, तर ‘याचे वडीलही उशिरा बोलले’ म्हणत थांबू नये. सगळ्यात आधी कान तपासून घ्यावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन ही तपासणी विनामूल्य करतात.

आमचा मुलगा आता साडेतीन वर्षांचा आहे. ‘ळ’ आलाय, ‘करलं’ गेलंय. वहीत सध्या ‘परवा’चं पान चालू आहे. गेल्या रविवारी मामा येऊन गेला, त्यानंतर दोन दिवसांनी आजीने त्याला समजावलं होतं, ‘परवा मामा आला होता.’ काल तिनेच सांगितलं, ‘परवा मामा येणार आहे.’ त्याने हातातली गाडी खाली ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘तीच परवा परत येणार?’