दहा वेळा ०.१ मिळवूनही एक का होत नाही?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक चल शून्यावर ठेवा, लूप लावून (म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करवून) त्यात दहा वेळा ०.१ मिळवा आणि प्रत्येक फेरीचं उत्तर छापून पाहा. तिसऱ्या फेरीत ०.३०००००००००००००००४ दिसतं. चौथीत पुन्हा स्वच्छ ०.४, मग ०.५, ०.६, ०.७. आठव्या फेरीत बेरीज घसरते आणि ०.७९९९९९९९९९९९९९९९ होते. शेवटी हाती येतं ०.९९९९९९९९९९९९९९९९. ही बेरीज १ इतकी आहे का असं == लावून विचारलं, तर उत्तर ‘नाही’ असंच येणार.

कारण शाळेच्या गणितातलंच आहे. अतिसंक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकाच्या छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील, तरच त्याचं दशांश रूप खंडित असतं. नाहीतर ते १/३ सारखं आवर्ती होतं. संगणक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत मोजतो, तिथे छेदात फक्त २ चालतो. १/१० च्या छेदात ५ आहे, म्हणून ०.१ तिथे ०.०००११००११००११… असं न संपणारं होतं. असा एक ० किंवा १ म्हणजे एक बिट. अपूर्णांक साठवण्याचा नेहमीचा साचा ६४ बिटांचा असतो, त्याला ‘डबल’ म्हणतात; त्यात संख्येची ५३ सार्थ बिटं मावतात. त्यामुळे जवळात जवळची संख्या साठवली जाते, आणि ती ०.१ पेक्षा किंचित मोठी असते.

मोठी असूनही दहांची बेरीज एकापेक्षा कमी कशी? कारण प्रत्येक बेरजेनंतर उत्तर पुन्हा ५३ बिटांत बसवावं लागतं, आणि तेव्हा ते कधी वर तर कधी खाली सरकतं. म्हणूनच बेरजेचा क्रम बदलला की उत्तरही बदलू शकतं. आधी ०.१ आणि ०.२ मिळवून मग ०.३ मिळवलं तर ०.६००००००००००००००१ येतं. आधी ०.२ आणि ०.३ मिळवले आणि त्यात ०.१ घातलं, तर ०.६. बेरजेचा साहचर्य गुणधर्म इथे टिकत नाही.

याहून ठळक उदाहरण मोठ्या संख्यांचं. एकावर सोळा शून्यं एवढ्या संख्येजवळ लगतच्या दोन डबल संख्यांमध्ये २ चं अंतर असतं. तिच्यात १ मिळवला तर तो हरवतो. हजार वेळा एकेक मिळवत राहा, संख्या जागची हलत नाही. तेच १ हजार वेळा आधी आपसांत मिळवून मग त्या संख्येत घाला, पूर्ण १००० ची वाढ होते. मोठी बेरीज अनेक प्रोसेसरवर वाटून केली, की तुकड्यांची उत्तरं कुठल्या क्रमाने एकत्र होतील याची खात्री नसते. मग तोच प्रोग्रॅम तीच माहिती घेऊन दोनदा चालवला, तरी शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात.

यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय म्हणजे, ‘फरक ०.०००००००००१ पेक्षा कमी असेल तर समान माना.’ डोळे झाकून वापरलेला असा ठरीव आकडा मला धोक्याचा वाटतो. वरच्या मोठ्या संख्येजवळ तो निरुपयोगी आहे, कारण तिथला लहानात लहान फरकच २ आहे. उलट हायड्रोजन अणूची त्रिज्या मीटरमध्ये साधारण ५.३ × १०⁻¹¹ असते. तिथे हा आकडा लावला तर त्रिज्या आणि शून्य एकच ठरतात. म्हणून फरक संख्यांच्या मानाने मोजावा. दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का ते तपासणारं पायथनचं ‘आयएसक्लोज’ (isclose) हे फंक्शन हेच करतं.

पण तेही शून्यापाशी अडतं. ०.१ + ०.२ − ०.३ चं उत्तर सुमारे ५.५ × १०⁻¹⁷ येतं, आणि शून्याच्या मानाने कितीही छोटी संख्या मोठीच. इथे मोजपट्टी उत्तरावरून न घेता ज्या संख्या मिळवल्या त्यांच्यावरून घ्यावी: चिन्हं सोडून त्यांची बेरीज किती आणि एकूण किती संख्या मिळवल्या, यावर उत्तरात जास्तीत जास्त किती चूक असू शकते ते ठरतं. हे समजलं, की चालवून घ्यायचा फरक अंदाजाने निवडावा लागत नाही.

चूक मुळातच कमी ठेवण्याची सुंदर युक्ती गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये मांडली: प्रत्येक बेरजेत गळालेला अंश वेगळ्या चलात जपायचा आणि पुढच्या बेरजेत परत घालायचा. संगणकांनी अशा संख्या कशा साठवाव्यात आणि मोजाव्यात हे ठरवणाऱ्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकामागेही त्यांचा मोठा वाटा होता. संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार १९८९ मध्ये त्यांना मिळाला. पायथनच्या ३.१२ आवृत्तीपासून ‘सम’ (sum) हे बेरजेचं फंक्शन अशीच भरपाई करतं, त्यामुळे तिथे दहा ०.१ ची बेरीज बरोबर १ येते.

उरलेले अंक नुसते छाटत गेलं तर काय होतं, ते कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने पाहिलं. जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झालेला निर्देशांक प्रत्येक व्यवहारानंतर नव्याने काढला जाई आणि दशांश चिन्हानंतर तीन अंक ठेवून बाकीचे टाकले जात. छाटणी नेहमी खालीच असल्याने चुका एकमेकींना खोडेनात. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास दिसत होता. दुरुस्त केल्यावर तो सुमारे १०९८ निघाला.

पैशांचे हिशेब म्हणूनच रुपयांच्या दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावेत. १९ रुपये ९९ पैसे म्हणजे १९९९. पूर्णांकांची बेरीज नेमकी होते आणि तिथे == निर्धास्त वापरता येतं. व्याज किंवा टक्केवारी काढताना मात्र पैशाचा अंश उरतोच. तो कुठे आणि कसा पूर्ण करायचा, हा नियम कोडमध्ये एकाच जागी, स्पष्ट लिहिलेला असावा.