मिलसिम : एअरसॉफ्टमधील उद्दिष्टप्रधान युद्धखेळाचे आयोजन

मिलसिम (‘मिलिटरी सिम्युलेशन’चे लघुरूप, म्हणजे लष्करी कारवाईची नक्कल) : एअरसॉफ्ट खेळाचा एक प्रकार. खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या, पण ६ मिमी व्यासाची प्लास्टिकची गोळी हवेच्या किंवा वायूच्या दाबाने फेकणाऱ्या बंदुका घेऊन दोन किंवा अधिक बाजू मैदानात उतरतात आणि सैन्याच्या तुकडीप्रमाणे हुकूम, नकाशा, वायरलेस व रसद यांच्या आधारे नेमून दिलेली कामगिरी पार पाडतात. साध्या एअरसॉफ्टमध्ये पंधरा-वीस मिनिटांचे डाव होतात आणि समोरची बाजू बाद झाली की डाव संपतो. मिलसिम सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत सलग चालते. तेथे कोणी किती जणांना बाद केले याला फारसे मोल नसते. पूल हातात राहिला का, चिठ्ठी पोचली का, जखमी माणूस वेळेत मागे आणला का, यावर निकाल लागतो. एकही गोळी न झाडता जिंकता येईल अशी कामगिरी आखलेली असेल तरच त्याला मिलसिम म्हणावे, नाहीतर ती महागडी पळापळ होते.

एअरसॉफ्टचा उगम १९७० च्या दशकातील जपानमध्ये झाला. तेथे सामान्य नागरिकाला खरी बंदूक मिळणे जवळपास अशक्य, म्हणून हुबेहूब प्रतिकृतींचा शौक वाढला. तोक्यो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणल्यावर खेळ जगभर पसरला. मिलसिममधील पंचाची परंपरा मात्र याहून जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ या लेफ्टनंटाचा नकाशावरचा युद्धखेळ रूढ झाला. त्यात दोन्ही बाजूंची खरी स्थिती फक्त पंचाला ठाऊक असे आणि प्रत्येक सेनापतीला त्याच्या नजरेच्या टप्प्यातले तेवढेच सांगितले जाई. आजच्या मिलसिममधील नियंत्रण कक्ष नेमके हेच काम करतो.

टप्पा आणि जमीन. आयोजनातील पहिली अडचण भौतिकशास्त्राची आहे. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा १ जूल होते. बहुतेक आयोजक साध्या बंदुकीला एक-दीड जूलच्या आसपास मर्यादा घालतात. ब्रिटनच्या कायद्यात ती स्वयंचलित बंदुकीसाठी १.३ आणि एकेक गोळी झाडणाऱ्या बंदुकीसाठी २.५ जूल आहे. नळीतील रबरी तुकडा गोळीला उलटी फिरकी देतो, त्यामुळे ती थोडी तरंगत जाते, तरीही भरवशाचा टप्पा पन्नासेक मीटरचाच. खऱ्या रायफलीचा टप्पा तीनशे मीटर धरला तर सगळे रणांगण सहा पटीने आक्रसते.

याचा परिणाम सातारा-सांगलीच्या पूर्व भागात लगेच दिसतो. माण, खटाव, आटपाडी, जत येथील उघडे माळरान नकाशावर आदर्श वाटते. प्रत्यक्षात तेथे दोन्ही बाजू एकमेकींना किलोमीटरभरावरून पाहतात आणि कोणाचीच गोळी कोणाला लागत नाही. मग तासन्‌तास दोघे झोपून राहतात. खेळाला लागतात त्या बंद पडलेल्या दगडखाणी, कोरडे ओढे, बाभळीची गचपणे, पडकी पोल्ट्री शेडे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीसारख्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथल्या वाऱ्यात ०.२० ग्रॅमची गोळी कुठल्या कुठे जाते. ०.२८ ग्रॅम किंवा त्याहून जड गोळी वापरावी लागते, आणि वेगमापकावर बंदूक तपासतानाही हीच जड गोळी भरावी लागते, कारण वायूवर चालणाऱ्या काही बंदुकांत जड गोळीची ऊर्जा हलक्या गोळीपेक्षा जास्त निघते. मर्यादेत बसणारी बंदूक मैदानात मर्यादेबाहेर जाते ती अशी.

कामगिरीची आखणी. नवखा आयोजक ‘टेकडी घ्या आणि राखा’ एवढेच लिहितो. मग एक बाजू टेकडीवर बसते, दुसरी चढते, दुपारपर्यंत सगळे वैतागतात. चांगल्या कामगिरीत वेळेचा ताण, अपुरी माहिती आणि दोन्ही बाजूंना वेगळा स्वार्थ असावा लागतो. एकीला काही पोचवायचे असते, दुसरीला ते नष्ट करायचे नसते, फक्त उशीर करायचा असतो. अशा वेळी कमी माणसांची बाजूही जिंकू शकते.

माण तालुक्यातील एखाद्या खाणीभोवती सहज मांडता येईल असा एक प्रसंग उदाहरणादाखल घेऊ. निळ्या बाजूने पाण्याचा टँकर फरशी पुलापासून खाणीतल्या ‘छावणी’पर्यंत चार वाजायच्या आत न्यायचा. टँकर म्हणजे पिकअप गाडीत ठेवलेले दोनशे लिटरचे पिंप. गाडी माणसाच्या चालीने जाते, चालक पंचांपैकी असतो आणि त्याच्यावर कोणी गोळी झाडत नाही. रक्षकांना हुसकावून लाल बाजूचा माणूस गाडीपर्यंत पोचला तर तो पिंपाची तोटी उघडू शकतो. तोटी उघडी राहील तितके पाणी कमी होत जाते आणि मुक्कामाला पोचल्यावर पंच पिंपात काठी बुडवून गुण ठरवतो. तोटीतले पाणी खालच्या दुसऱ्या पिंपात पडेल अशी सोय आधीच करावी. माणमध्ये जमिनीवर पाणी सोडून खेळ करणाऱ्याला गाव पुन्हा उभे करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. या मांडणीत लाल बाजूला कोणाला बाद करण्याची गरजच उरत नाही, दोन मिनिटे गाडीजवळ टिकले तरी पुरे. निळ्या बाजूच्या नायकाला पुढे किती माणसे पाठवायची आणि गाडीपाशी किती ठेवायची हा खरा सैनिकी प्रश्न पडतो.

गुण खेळभर साठत जावेत. शेवटच्या अर्ध्या तासात जो जागा धरेल तो जिंकला, असा नियम केला की आधीचे सहा तास वाया जातात आणि हुशार खेळाडू दुपारपर्यंत सावलीत झोपा काढतात. ठराविक वेळी तपासणी करण्यापेक्षा पंचाने न सांगता येऊन नोंद घ्यावी. एक-दोन माणसे ‘गावकरी’ म्हणून मैदानात सोडली की माहिती मिळवणे, बोलून वळवणे हेही खेळात येते. अशा माणसावर गोळी झाडली तर गुण कापावेत.

हुकूम लेखी असतो आणि त्याचे पाच भाग पडतात : परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, रसद, संपर्क. यांपैकी कामगिरी एकाच वाक्यात बसली पाहिजे, आणि त्या वाक्यात ‘कशासाठी’ हेही असले पाहिजे. संपर्क तुटला तरी सेक्शनचा, म्हणजे छोट्या तुकडीचा, नायक त्या ‘कशासाठी’वरून स्वतः निर्णय घेऊ शकतो. गनिमी कावा सगळ्यांनाच करायचा असतो, पाण्याचे जार वाहायला कोणी तयार नसते. म्हणून रसद हीच गुणांची कामगिरी केलेली बरी. गोळ्यांनाही मर्यादा घालतात. खेळण्यातल्या मोठ्या मॅगझिनमध्ये (बंदुकीला लावायच्या गोळ्यांच्या डबीत) तीनशेहून जास्त गोळ्या मावतात. मिलसिममध्ये तीस ते सव्वाशेच्या दरम्यान भरायला लावतात, म्हणजे माणूस झाडण्याआधी विचार करतो.

बाद होणे. एअरसॉफ्टची गोळी रंग सोडत नाही, त्यामुळे ‘लागली’ हे ज्याला लागली त्यानेच सांगायचे असते. सगळा खेळ या प्रामाणिकपणावर उभा आहे. गोळी लागली की खेळाडू मोठ्याने ‘लागली’ म्हणतो, डोक्यावर लाल फडके ठेवतो आणि आहे तिथेच बसतो. रात्री फडक्याच्या जागी लाल दिवा. पाच-दहा मिनिटांत सेक्शनचा वैद्यक पोचून त्याच्या दंडाला पट्टी बांधू शकला तर तो पुन्हा खेळतो. आधीच पट्टी असेल किंवा वेळ टळली तर तो तळावर जातो आणि पुढच्या टोळीबरोबर परततो. बसलेल्या माणसाने शत्रू कुठे आहे हे सांगायचे नसते, नुसती मानही वळवायची नसते. नियम पुस्तकात एका ओळीचा असला तरी मैदानात सर्वांत जास्त तो मोडला जातो. पट्टी बांधायला दोन्ही हात लागतात आणि तेवढा वेळ दोन माणसे लढाईतून बाहेर राहतात. मिलसिममध्ये जखमी माणसाचा भार जाणवतो तो यामुळे.

पंच म्हणून माजी सैनिक मिळाले तर सोन्याहून पिवळे, आणि सातारा जिल्ह्यात ते मिळतात. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ असेच लागते आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या जवानांचे स्मारक गावात आहे. या भागात निवृत्त जवानाला हुद्दा कोणताही असला तरी ‘मेजर’ म्हणतात. मेजरांनी नळी माणसाकडे वळवलेल्या पोराला एकदा झापले की सुरक्षिततेचे वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. पंच दर बारा-पंधरा खेळाडूंमागे एक तरी असावा.

परवानगी आणि गाव. आयोजकाचे निम्म्याहून अधिक काम येथे असते. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम हवाई बंदुका व प्रतिकृती यांनाही लागू होतात. हवाई बंदुकीला परवान्यातून सूट देताना ४.५ मिमी व्यास आणि २० जूल ऊर्जा या मर्यादा पाहिल्या जातात. साध्या एअरसॉफ्ट बंदुकीची ऊर्जा त्याच्या दहाव्या भागाइतकीही नसते, पण व्यास ६ मिमी. त्यामुळे ‘हे तर खेळणे आहे’ एवढ्यावर विसंबून चालत नाही, साहित्य घेण्याआधीच सल्ला घ्यावा लागतो. ज्यांना ही कटकट नको ते हीच आखणी लेसर टॅगच्या, म्हणजे गोळीऐवजी प्रकाशकिरणाने नेम धरणाऱ्या, साहित्यावर खेळतात आणि कामगिरीत काही उणे पडत नाही.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश असतात. सण, निवडणूक, आंदोलन या काळात ते निघतात आणि शस्त्रे किंवा इजा करू शकणारी वस्तू बाळगणे, जमाव जमवणे यांवर बंदी येते. खेळाची तारीख ठरवताना हे आदेश पाहावेत, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, पोलीस पाटील व सरपंच यांना भेटावे. झुडपातून बंदूकधारी सरकताना दिसले की कोणीही ११२ लावणार, त्यात त्याची चूक नाही. खेळाच्या आदल्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आणि कडेला फलक, दोन्ही हवेत. लष्कराच्या छापाचा गणवेश घालू नये. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पोशाख घालणे गुन्हा आहे आणि २०२२ मध्ये आलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची लष्कराने नोंदणी करून घेतली आहे. साधी खाकी किंवा मातकट पँट, एकरंगी शर्ट आणि दंडाला बाजूची फीत पुरते.

जमिनीच्या मालकाची संमती म्हणजे सातबारावरच्या सगळ्या नावांची संमती. थोरल्या भावाने होकार दिलेला असतो आणि खेळ रंगात आला की धाकटा काठी घेऊन बांधावर येतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, सागरेश्वर अभयारण्य, कासचे पठार आणि किल्ले येथे हा खेळ बसत नाही, विचारायलाही जाऊ नये. कुंडल, शेणोली परिसरात एक वेगळा मोह होतो. ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली होती आणि ती उद्दिष्टप्रधान मोहिमेचा नमुनाच आहे. तरीही त्या लढवय्यांच्या घरांतील माणसे आजूबाजूला राहतात. त्यांची नावे घेऊन प्लास्टिकच्या गोळ्यांचा डाव मांडण्यापेक्षा काल्पनिक देश बरा.

धोके. डोळ्यांचे संरक्षण चारी बाजूंनी बंद असलेल्या, आघात झेलणाऱ्या चष्म्याने करतात. जाळीच्या चष्म्यातून फुटलेल्या गोळीचे कण आत शिरू शकतात. चष्मा निसटलेला माणूस दिसला की जो पाहील त्याने खेळ थांबवल्याची शिट्टी द्यायची, तिथे बाजू पाहायची नाही. तळावर मॅगझिन काढून, नळीतली उरलेली गोळी जमिनीकडे झाडून, नळीवर पिशवी चढवूनच यायचे. पण या जिल्ह्यांत गोळीपेक्षा जमीन जास्त घात करते. कठडे नसलेल्या विहिरी रात्री दिसत नाहीत. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेला पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडलेली असते, खाणीच्या कड्याला आग्या मोहोळ असते. आयोजकाने दिवसा आणि रात्री असे दोनदा मैदान चालून प्रत्येक विहीर दोरी व दिव्याने बंद करायची, आणि जिची खात्री नाही तो भाग नकाशातून कापायचा. उसाच्या फडात खेळू नये. पाने कापतात, मालक चिडतो, आणि कराड-पाटणकडे फडात बिबट्याची मादी पिलांसह असू शकते. गाळपाच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या कुठे आहेत ते पाहून रात्रीचा खेळ ठरवावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पुढे कुसळी गवत वाळते, तेव्हा फटाके किंवा धुराच्या नळकांड्या म्हणजे वणव्याला आमंत्रण. माणशी चार-पाच लिटर पाणी आणि जवळच्या दवाखान्यापर्यंत जाईल अशी एक रिकामी गाडी खेळ संपेपर्यंत उभी ठेवतात. संपर्कासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीचे संच वापरतात. त्यांतील एक वाहिनी फक्त अपघातासाठी राखून ठेवायची, तिच्यावर हुकूम द्यायचे नाहीत.

खेळानंतर ज्या वाटेने तुकड्या गेल्या त्या वाटेने परत चालत मॅगझिने, पट्ट्या, रिकाम्या बाटल्या गोळा करतात. विरघळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्याही मातीत बराच काळ तशाच राहतात आणि गुरे त्याच गवतावर चरतात. म्हणून तळाच्या आसपास, जिथे गोळ्यांचा सडा पडतो, तिथे आधीच ताडपत्री अंथरलेली असली तर संध्याकाळी ती उचलून झटकणे सोपे जाते. मोडलेला बांध, तुटलेली ठिबकची नळी यांचे पैसे मालकाला त्याच दिवशी, सगळ्या भावांसमक्ष द्यावेत.