पाणचिरा शोधायचा तर आधी वाळू बघा

चंबळ नदीत पाणचिरा हा पक्षी बघायला गेलेल्या माणसाची नजर आपसूक आभाळाकडे जाते. मार्च ते मे या काळात मात्र दुर्बीण लावायची ती पात्रात उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर. त्यातही चहूबाजूंनी पाणी असलेलं बेट निवडायचं. पाणचिऱ्याची वीण बहुतेक अशाच बेटांवर होते, आणि सोबत नदी सुरय या पक्ष्यांचीही घरटी असतात.

दुरून दिसतो तो वाळूवर बसलेला थवा. पाठ काळी, मान आणि पोट पांढरंशुभ्र. नाव थोडी जवळ सरकली की चोच नजरेत भरते. केशरी, टोकाला पिवळी, आणि खालची चोच वरच्या चोचीपेक्षा चांगली लांब! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वरची चोच मोडलीय की काय.

या चोचीचं कोडं सुटतं ते उजाडताना किंवा दिवेलागणीला. पक्षी पाण्याला जवळजवळ टेकून उडतो, चोच उघडी, खालचं पातं पाण्यात. संथ पाण्यावर सरळ रेघ उमटत जाते. पात्याला मासा लागला की मान झटकन खाली वळते आणि वरची चोच मिटते. शिकार हेरायची ती स्पर्शाने, त्यामुळे अंधूक उजेडातही काम अडत नाही. मला सगळ्यात नवल वाटतं ते पिल्लांचं. अंड्यातून बाहेर येताना त्यांच्या दोन्ही चोची सारख्याच लांबीच्या असतात, म्हणून आईबापांनी वाळूवर टाकलेला मासा त्यांना उचलता येतो. खालची चोच पुढे जाते ती नंतर, वाढत्या वयात.

घरटं म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा, त्यात तीन-चार ठिपकेदार अंडी. मे महिन्यात ही वाळू भाजून काढते. मग पक्षी नदीवर जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच ओला येऊन अंड्यांवर बसतो.

निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत, २०२० साली पाणचिऱ्याची नोंद 'संकटग्रस्त' गटात झाली. मुळाशी पाणीच आहे. उन्हाळ्यात पात्र आटतं, वरची धरणं आणि पाण्याचा उपसा त्यात भर घालतात. बेटाभोवतीचं पाणी गेलं की कोल्हे, भटकी कुत्री आणि गुरं थेट घरट्यांपर्यंत चालत जातात. वाळूउपशाने तर बेटच नाहीसं होतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काठच्या गावांतल्या लोकांनाच घरट्यांचे राखणदार केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. कुत्रं पाण्यात कधी उतरेल, हे रोज नदीवर असणाऱ्यालाच कळतं.

बघायला जाल तर बेटावर पाय ठेवू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. बसलेले पक्षी उभे राहू लागले की नाव तिथेच थांबवायला सांगा. ते उडाले तर भर उन्हात अंडी उघडी पडतात.