१३ ला ७, १७ ला १५: एका छोट्या समीकरणाची मोजणी

फर्माचं शेवटचं प्रमेय अँड्र्यू वाइल्सनी सोडवलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यांनी थेट जे सिद्ध केलं ते इलिप्टिक कर्व्ह (य² = क्ष³ − क्ष सारख्या समीकरणांचे वक्र) आणि मॉड्युलर फॉर्म (खास सममिती असलेली फलनं, त्यातलं एक खाली गुणाकाराच्या रूपात येईल) यांच्या नात्याबद्दल होतं, फर्माचं प्रमेय त्यातून निघालं. आणि गोष्ट इथपर्यंत आली की बहुतेक लेख "पुढचं फार अवघड आहे" म्हणून थांबतात. मला ते पटत नाही, कारण हे नातं वही-पेन घेऊन स्वतः बघता येतं, फक्त समीकरण नीट निवडायला हवं.

आपण हे घेऊ: य² = क्ष³ − क्ष.

आता एक मूळ संख्या घ्या, समजा ५. क्ष आणि य ला ० ते ४ एवढ्याच किमती द्यायच्या आणि दोन्ही बाजूंना ५ ने भागून बाकी सारखी येते का ते बघायचं. क्ष ०, १ किंवा ४ असेल तर उजवीकडे बाकी ०, म्हणून य पण ०. क्ष २ असेल तर उजवीकडे ६, बाकी १, मग य १ किंवा ४. क्ष ३ असेल तर २४, बाकी ४, मग य २ किंवा ३. एकूण ७ उत्तरं. असंच पुढे मोजत गेलात तर ३ ला ३, ७ ला ७, ११ ला ११, १३ ला ७, १७ ला १५, १९ ला १९, २३ ला २३, आणि २९ ला एकदम ३९.

काही मूळ संख्यांना उत्तरं बरोबर तेवढीच येतात, आणि त्या सगळ्या अशा की ४ ने भागलं तर बाकी ३ राहते. याचं कारण सोपं आहे. क्ष च्या जागी −क्ष घातलं की उजवी बाजू फक्त चिन्ह बदलते, आणि अशा मूळ संख्येने भागून बाकी बघायच्या हिशोबात −१ हा कोणाचाच वर्ग नसतो, त्यामुळे क्ष आणि −क्ष या जोडीत (उजवी बाजू ० नसेल तर) एकालाच य सापडतो, तेही दोन, आणि दुसऱ्याला एकही नाही. जोडीमागे दोन उत्तरं, हिशोब बरोबर.

खरी मजा उरलेल्या मूळ संख्यांची, म्हणजे ज्यांना ४ ने भागून बाकी १ राहते. त्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतात, फर्माच्या काळापासून माहीत असलेली गोष्ट आहे ही. १३ = ३² + २², १७ = १² + ४², २९ = ५² + २². आता मूळ संख्येतून उत्तरांची संख्या वजा करा: १३ ला ६, १७ ला २, २९ ला −१०. म्हणजे बेरजेतल्या विषम आकड्याची दुप्पट! अधिक की वजा याचाही नियम आहे. विषम आकड्याला असं चिन्ह द्यायचं की सम आकडा ४ ने भागला जात असेल तर त्याची ४ ने भागून बाकी १ यावी, नसेल तर ३. ४१ = ५² + ४² वर लावून बघा, १० येतं, म्हणजे ३१ उत्तरं.

हे होतं कशामुळे? क्ष ला −क्ष आणि य ला आय गुणिले य केलं (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ) तर समीकरण जसंच्या तसं राहतं. इलिप्टिक कर्व्हवर दोन बिंदूंची बेरीज करायची एक पद्धत असते, म्हणजे या कर्व्हवरच्या बिंदूंना नेहमीच्या २, ३, ४ ने तर "गुणता" येतंच (बिंदू स्वतःतच पुन्हापुन्हा मिळवून), पण आय नेसुद्धा गुणता येतं. यालाच कॉम्प्लेक्स मल्टिप्लिकेशन म्हणतात. बहुतेक कर्व्हना हे नसतं. ते असलं की १३ फुटते, (३ + २आय)(३ − २आय) अशी, आणि या दोन तुकड्यांची बेरीज म्हणजेच आपले ६. गाउसच्या डायरीतली शेवटची नोंद, ९ जुलै १८१४ ची, याच्याच जवळच्या एका समीकरणाबद्दल आहे. त्याने आकडे करून नियम ओळखला होता, सिद्धता हेर्ग्लोट्झने दिली १९२१ मध्ये.

आता मॉड्युलर फॉर्म. आपल्या कर्व्हचा असा आहे: क हे एक चल घ्या. ४ च्या पाढ्यातल्या प्रत्येक घातासाठी (१ − क चा तो घात) याचा वर्ग करून गुणत जा, मग ८ च्या पाढ्यासाठी पण तेच करा. न संपणारा गुणाकार आहे, पण पहिली काही पदं हाताने निघतात: क च्या ५ व्या घातापुढे −२, १३ व्यापुढे ६, १७ व्यापुढे २, २९ व्यापुढे −१०, आणि ३, ७, ११, १९ पुढे शून्य. तेच आकडे! या गुणाकारात कर्व्हचा कुठे उल्लेखसुद्धा नाही, तरी त्याला प्रत्येक मूळ संख्येची मोजणी माहीत आहे (फक्त २ वेगळी ठेवायची). मी हे कितीही वेळा पाहिलं तरी थक्क होतो.

कॉम्प्लेक्स मल्टिप्लिकेशन नसलेला कर्व्ह घेतला, उदाहरणार्थ य² + य = क्ष³ − क्ष², तर त्यालाही असाच एक गुणाकार मिळतो, आइशलरने १९५४ मध्ये दाखवला, पण तिथे दोन वर्गांच्या बेरजेसारखा सोपा नियम नाही, फक्त गुणाकार आहे. वाइल्सनी (एका भागात रिचर्ड टेलर सोबत होते) १९९५ मध्ये एका मोठ्या गटातल्या कर्व्हना मॉड्युलर फॉर्म असतोच हे सिद्ध केलं, आणि २००१ मध्ये ब्रॉय, कॉनराड, डायमंड आणि टेलर यांनी परिमेय सहगुणकांच्या सगळ्याच कर्व्हसाठी. कॉम्प्लेक्स मल्टिप्लिकेशनवाल्यांचं मात्र त्याच्या बरंच आधी, हेके, डॉयरिंग आणि शिमुरा यांच्या कामातून झालं होतं, कारण तिथे आकडे कुठून येतात हे आधीच कळलेलं होतं.

आणि हे नुसतं मोजणीपुरतं नाही. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक किंवा अपूर्णांक हव्यात आणि क्षेत्रफळ ५ हवं, असा त्रिकोण आहे का? आहे: ३/२, २०/३ आणि ४१/६. क्षेत्रफळ १ चा मात्र नाही, हे फर्माने दाखवलं. दिलेल्या क्षेत्रफळाचा (त्याला न म्हणू) त्रिकोण आहे की नाही हा प्रश्न य² = क्ष³ − न²क्ष या आपल्याच कर्व्हच्या भावंडांवर येऊन थांबतो, त्यांनाही आय ने गुणता येतं. म्हणूनच १९७७ मध्ये कोट्स आणि वाइल्स (हो, तेच वाइल्स, तेव्हा विद्यार्थी) यांना अशा कर्व्हबद्दल बर्च आणि स्विनर्टन-डायर यांच्या अंदाजाचा (आपण केली तशा मोजणीवरून कर्व्हवर परिमेय बिंदू अगणित आहेत की मोजकेच हे कळतं, असा तो अंदाज) एक तुकडा सिद्ध करता आला, आणि त्यावर उभं राहून टनेलने १९८३ मध्ये साधी मोजणीची चाचणी दिली. चाचणीत दिलेलं क्षेत्रफळ नापास झालं तर त्रिकोण नक्की नाही. पास झालं तर त्रिकोण आहे असं म्हणायला तो अंदाज पूर्ण सिद्ध व्हावा लागेल, आणि तो अजून झालेला नाही.