ओझोनचे मोजमाप : तुटलेल्या वर्णपटापासून अंटार्क्टिकापर्यंत

सूर्याचा वर्णपट अतिनील बाजूला सुमारे ३०० नॅनोमीटरपाशी एकदम तुटतो आणि सूर्य खाली कलू लागला की ही तूट दृश्य प्रकाशाच्या बाजूला सरकते, असे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड कॉर्नू यांनी १८७९च्या सुमारास नोंदवले. प्रकाश सूर्यातच कमी असता, तर सूर्याच्या उंचीप्रमाणे तूट बदलली नसती. अर्थात तो वाटेत, हवेत शोषला जात होता. हे शोषण ओझोनचे असल्याचे डब्लिनचे रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर हार्टली यांनी पुढच्या एक-दोन वर्षांत प्रयोगशाळेत पडताळले.

मात्र किती ओझोन, हे सांगणे सोपे नव्हते. डोक्यावरचा सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर भरतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फाब्री आणि ब्युइसाँ यांनी १९२०-२१ मध्ये काढलेली जाडी याच्या जवळपासची होती.

नित्याचे मोजमाप सुरू झाले ते ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांच्यामुळे. धुके, धूळ आणि ढगांचा पातळ पडदा यांनीही प्रकाश मंदावतो, मग त्यातला ओझोनचा वाटा ओळखायचा कसा? डॉब्सन यांनी जवळजवळच्या दोन तरंगलांबी निवडल्या, एक ओझोन भरपूर शोषणारी आणि दुसरी फारशी न शोषणारी. धुक्याने दोन्ही जवळजवळ सारख्याच मंदावतात, ओझोनने मात्र पहिलीच अधिक. म्हणून दोहोंच्या गुणोत्तरातून ओझोन वेगळा काढता येतो. पुढे त्यांनी केलेल्या प्रकाशविद्युत यंत्रात निरीक्षक करड्या काचेची पाचर सरकवून दोन्ही प्रकाश समान करतो आणि गॅल्व्हानोमीटरचा (सूक्ष्म विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाचा) काटा शून्यावर आला की तबकडीवरचा आकडा टिपतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची कल्पना हीच होय.

१९२८-२९ मध्ये डॉब्सन यांची सुरुवातीची छायाचित्रण-यंत्रे जगभर विखुरली गेली, त्यांतले एक कोडाईकॅनालला आले. उष्ण कटिबंधात ऊन भरपूर, तेव्हा ओझोनही तिथेच जास्त असेल, अशी कोणाचीही अटकळ असती. प्रत्यक्षात तिथले आकडे कमी निघाले आणि वर्षभरात फारसे बदललेही नाहीत. ओझोन विषुववृत्ताजवळ तयार होऊन वरच्या हवेतील संथ अभिसरणाने ध्रुवांकडे वाहून नेला जातो, हे त्याचे आज मान्य असलेले स्पष्टीकरण ब्रूअर आणि डॉब्सन यांच्या १९४९ व १९५६च्या लेखांतून पुढे आले.

आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८) तयारीत अंटार्क्टिकातील हॅली बे या ब्रिटिश तळावर डॉब्सन यांचे यंत्र बसवले गेले. तिथे वसंतातले, म्हणजे ऑक्टोबरातले, सरासरी मूल्य सुरुवातीला ३०० डॉब्सन एककांच्या आसपास होते (१०० एकके म्हणजे १ मिलिमीटर); १९८४ पर्यंत ते २००च्या जवळ उतरले होते. फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी ही घट मे १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. निंबस-७ उपग्रहावरील उपकरणही अतिनील तरंगलांबींचीच तुलना करत होते आणि त्याने हेच नीचांक टिपले होते. पण १८० एककांखालील आकड्यांवर संशयाची खूण पडत असे. फेरतपासणीत या घटीची, म्हणजेच 'ओझोन विवरा'ची, व्याप्ती जवळजवळ संपूर्ण खंडावर असल्याचे दिसून आले.